पळीभर तेल आणि पाटणचा डोंगर

"खानदेशात? आणि तेही फाल्गुनात?"

आमच्या शेजाऱ्यांनी हा प्रश्न अशा स्वराने विचारला, की मी बायकामुलांना घेऊन थेट भट्टीतच उडी टाकायला निघालो आहे! लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. आम्ही मात्र चाळीसगावची तिकिटे काढली होती. त्याला कारण घडले मामांचे पत्र. मोबाइलच्या या दिवसांतही आमचे मामा पत्रच लिहितात. त्यांनी लिहिले होते, "काचबिंदूने उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा किती दिवस साथ देईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पाटणचा शिलालेख एकदा पुन्हा पाहावा म्हणतो. तू चिरंजीवांनाही घेऊन ये."

मामांनी चाळीसगावात पस्तीस वर्षे गणित शिकवले. आमच्या चिरंजीवांनी नुकताच नववीच्या चाचणीत गणिताला नमस्कार करून ठेवला होता. 'मला गणित सोडायचंय' हे त्याचे पालुपद घरात दोन महिने चालू होते. तेव्हा मामांच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याचा रोख कुणाकडे होता, हे निराळे सांगायला नकोच.

चाळीसगाव हे मध्य रेल्वेवरचे जंक्शन. धुळ्याचा फाटा येथूनच फुटतो. गावाच्या दक्षिणेला क्षितिजावर एक लांबच लांब करडी भिंत दिसते. ती अजिंठा-सातमाळ्याची रांग. या रांगेच्या पायथ्याशी, गावापासून सुमारे अठरा किलोमीटरवर पाटण आहे. लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. आता हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. सन 1986 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचा विस्तार सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे.

पण अभयारण्य म्हटले की डोळ्यांसमोर जे हिरवेगार चित्र येते, ते फाल्गुनात येथे शोधू नये. पावसाळ्यात जिथे धबधबे कोसळतात, तिथे काळ्या कड्यावर नुसते पांढुरके ओघळ उरलेले असतात. डोंगरी नदीच्या पात्रात गोटे तापत पडलेले. साग निष्पर्ण, सालईची खोडे सोलून काढल्यासारखी, अंजनाच्या पाचोळ्यावर पाऊल पडले की पापड मोडल्याचा आवाज. एवढ्या रखरखाटात पळस तेवढा लालभडक फुललेला. सौ. म्हणाली, "सगळं घर ओकंबोकं, आणि एकट्या सुनेनं शालू नेसावा, तसं दिसतंय हे!"

सकाळी सात वाजता आम्ही महादेवाच्या देवळापाशी पोचलो. मागे कण्हेरगडाचा कडा आणि पुढे हे काळ्या दगडाचे देऊळ. इथे बाराव्या शतकात निकुंभ घराण्याचे राज्य होते. देवगिरीच्या यादवांचे हे मांडलिक. देवळातल्या शिलालेखावर शके 1075, म्हणजे इ. स. 1153 हे साल आहे. देऊळ बांधायला घेतले इंद्रराजाने. पण तो वारला तेव्हा मुलगा गोवन लहान होता. राणी श्रीदेवीने राज्य सांभाळले आणि देऊळही पुरे झाले. सौ.ने खांबावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाली, "म्हणजे नवऱ्यानं अर्धवट टाकलेली कामं पुरी करण्याची रीत जुनीच आहे म्हणायची." मी कॅमेऱ्यात तोंड खुपसले.

मामा आणि सौ. देवळाच्या सावलीत बसले आणि आम्ही बापलेक गड चढायला लागलो. वाटेत नागार्जुन कोठी लागते. हे जैन लेणे आहे; आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. जवळच सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी. नावे लोकांनी ठेवलेली आणि गोड. माथ्यावर पडक्या भिंती, खडकात खोदलेली टाकी आणि चहूबाजूंनी सुटलेला वारा. उत्तरेला पाहावे तो गिरणा-तापीच्या खोऱ्यातला सगळा खानदेश तव्यावरच्या भाकरीसारखा पसरलेला.

आता माझी एक चूक कबूल करतो. माथ्यावर टाकी आहेत हे वाचून मी पाण्याच्या दोनच बाटल्या घेतल्या होत्या. एका टाक्यात तळाशी हिरवे शेवाळ होते. बाकीची कोरडी ठणठणीत. उतरताना चिरंजीवाचा चेहरा लाल झाला, पाय लटपटू लागले आणि माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात खालच्या टप्प्यावर एक म्हातारे गुराखी भेटले. आमच्याकडे पाहून ते म्हणाले, "वर पानी नही शे, भाऊ." हे ज्ञान आम्हांला एव्हाना झालेलेच होते! त्यांनी खांद्यावरचा कॅन उतरला आणि झाकणात ओतून आधी मुलाला, मग मला पाणी दिले. कॅन अर्धाच भरलेला होता आणि त्यांना संध्याकाळपर्यंत डोंगरातच काढायची होती. मी पैसे काढू लागलो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले आणि गुरांकडे वळले. चिरंजीव बराच वेळ काही बोलला नाही.

दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटात गेल्यावर आम्ही चंडिकादेवीच्या देवळात गेलो. ज्यासाठी मामा आले होते, तो क्षण आता आला होता.

या शिलालेखाची हकीकत अशी. मुंबईचे प्रख्यात डॉक्टर आणि पुराविद्येचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी सन 1865 मध्ये हा लेख विद्वानांपुढे आणला. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला दहा मैलांवर भवानीच्या पडक्या देवळात तो सापडला, असे त्यांनी नमूद केले आहे. लेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ. स. 1114 चा, छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून बोलावून नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी झाला. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला एक मठ काढला. त्या मठाला निकुंभ राजा सोइदेव याने शके 1128 मध्ये, म्हणजे इ. स. 1207 च्या आसपास, जे दान दिले, त्याची नोंद या दगडावर आहे.

मामांनी खिशातून भिंग काढले, पण लगेच परत ठेवले. मग डोळे मिटून ते ओळींवरून बोटे फिरवू लागले. पस्तीस वर्षे फळ्यावर खडू चालवलेली ती बोटे एकेका अक्षरापाशी थबकत होती. आम्ही तिघेही गप्प उभे होतो.

"वरचा भाग संस्कृत," मामा म्हणाले, "पण दानाचा तपशील बघ, तो आपल्या मराठीत आहे. कारण तो बाजारातल्या माणसाला समजायला हवा. गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा मिळायचा, तो मठाला दिला. आणि घाण्यामागे पळीपळी तेल."

"पळीभर तेल? एवढंच?" चिरंजीवाने विचारले.

"एका घाण्याचं एवढंच. पण गावात घाणे किती असतील? आणि तेल नसेल तर रात्री पोरांनी वाचायचं कशाच्या उजेडात?"

ते तेल दिव्यासाठीच होते, असे लेखात म्हटलेले नाही. तो मामांचा तर्क. पण पस्तीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाचा तर्क आहे, म्हणून मी तो तसाच तुमच्यापुढे ठेवतो. इतकी वर्षे मी भास्कराचार्य म्हटले की एकट्या महापुरुषाचे चित्र डोळ्यांपुढे आणत असे. त्यांची विद्या पुढच्या पिढीला मिळावी, म्हणून कुण्या तेल्याने आपल्या घाण्यातली पळी मोजून दिली होती, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. मठ आज नाही. पण ती पळी दगडावर राहिली आहे.

ऊन कलल्यावर मामा नदीच्या पात्रात वाळूवर बसले आणि हातातली काठी त्यांनी चिरंजीवापुढे केली. "लीलावतीतलं एक गणित घालतो. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळाकडे येतोय, अंतर खांबाच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात. मोरानं तिरपी झेप घेतली. दोघंही सारखंच अंतर कापतात. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?"

"पण आजोबा, मोर खरंच सरळ रेषेत उडतो का?"

"नाही उडत. पण तुला हे विचारावंसं वाटलं ना? मग गणित सोडायची भाषा कशाला?"

मुलाने वाळूत त्रिकोण काढला, पुसला, पुन्हा काढला. वीस मिनिटे तो त्या काठीशी झगडत होता. मी मदतीला जाऊ लागलो, तर मामांनी हात धरून मला खाली बसवले. शेवटी तो ओरडला, "बारा! बिळापासून बारा हात! आणि दोघंही पंधरा-पंधरा हात जातात!" मामांना आकृती दिसत नव्हती. त्यांनी पुढे वाकून वाळूतल्या रेघा बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, "बरोबर. नऊ, बारा, पंधरा."

दुसऱ्या दिवशी जीपने घाट चढून आम्ही पितळखोऱ्याला गेलो. हे ठिकाण त्याच डोंगररांगेत, जिल्ह्याची हद्द ओलांडून कन्नड तालुक्यात आहे. पठारावरून एका घळीत पायऱ्या उतरत गेलो, की 14 लेण्यांचा समूह लागतो. यांतली सर्वांत जुनी लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे पाटणच्या लेखापेक्षाही हजार-तेराशे वर्षांनी जुनी! खडक ठिसूळ, त्यामुळे दर्शनी भाग बहुतेक कोसळले आहेत. तरी जोत्यावरची हत्तींची रांग, दारावरचे द्वारपाल आणि खडकातले पाणी फण्यांतून बाहेर पडावे अशी योजना केलेला नाग पाहून थक्क व्हायला होते.

आणि इथेही पुन्हा देणाऱ्यांचीच नावे! पैठणच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या, कुळातल्या मितदेवाने एक खांब दिला. संघकाच्या मुलांनी दुसरा. मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिले आणि त्याच्या मुलामुलीनेही दिले. येथे सापडलेला, डोक्यावर परात धरून हसणारा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. सगळे लेणे एकट्या राजाने दिलेले नाही. कुणी एक खांब दिला, कुणी एक भिंत.

नावे आपल्या काळातल्या लोकांनीही लिहून ठेवली आहेत. कोळशाने, खिळ्याने, बदामाच्या आकृतीसकट. फरक इतकाच, की मितदेवाने आधी खांब दिला आणि मग नाव कोरले. चिरंजीव ती नावे वाचत होता. म्हणाला, "बाबा, यांनी दिलं काय?" मला उत्तर सुचले नाही.

वाचकहो, तुम्ही जाणार असाल तर श्रावणापासून माघापर्यंत जा. धबधबे आणि हिरवाई तेव्हाच. आमच्यासारखे उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात, तर डोंगराची हाडे दिसतील; तेही दर्शन वेगळेच आहे. पहाटे चढा, दहाच्या आत उतरा, दरमाणशी तीन लिटर पाणी घ्या आणि टाक्यांच्या भरवशावर राहू नका. अभयारण्याचे नियम नाक्यावर विचारून घ्या. आणि खिशात कोळसा असला, तर तो घरीच ठेवा.

परतीच्या गाडीत बसताना मी मामांना विचारले, "शिलालेख नीट वाचता आला का?"

"अर्धाअधिक," ते म्हणाले. "उरलेला मला पाठच आहे."

आता मामांचा डावा डोळाही बराच अधू झाला आहे. पण दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर आळीतली आठ-दहा मुले जमतात. मुले गणित मोठ्याने वाचतात, मामा ऐकून चूक सांगतात. फी घेत नाहीत. आमचे चिरंजीव शनिवारी रात्री त्यांना फोन करून एक अवघड उदाहरण घालतात आणि उत्तरासाठी रविवारपर्यंत मुदत देतात. गणितात तो काही पहिला आलेला नाही. पण 'सोडायचंय' हा शब्द फाल्गुनापासून घरात ऐकू आलेला नाही.

या दिवाळीत आम्ही पुन्हा चाळीसगावला जाणार आहोत. मामांच्या ओट्यावर पणत्या लावायचे काम चिरंजीवाने मागून घेतले आहे. तेल किती लागेल, याचा हिशेब त्याने आताच मांडून ठेवला आहे, पळीच्या मापाने.