न उडणारा फ्लाइंग ऑफिसर: लष्करी हुद्द्यांविषयीचे गैरसमज

चेन्नईत पाऊस लागला की बातम्यांत दोन नावे हमखास येतात, नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम. त्यातला नुंगंबाक्कमचा आकडा येतो कॉलेज रोडवरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून. याच आवारात १७९२ सालच्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या या वेधशाळेचा कारभार १८४८ पासून दहाएक वर्षे एका फौजी माणसाकडे होता. त्याचे नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब, पलटण बॉम्बे इंजिनिअर्स. त्याआधी १८४२ मध्ये या गृहस्थाने पुण्यात खासगी वेधशाळा थाटली होती. नुंगंबाक्कमला आल्यावर तो जोडताऱ्यांचे वेध घेत बसला, एका जोडताऱ्याभोवती ग्रह असावा असे १८५५ मध्ये जाहीर करून बसला (तो दावा पुढे टिकला नाही), आणि १८६२ साली पुण्यातच वारला.

हुद्दा कॅप्टनचा, पद वेधशाळेच्या प्रमुखाचे आणि कसब खगोलशास्त्राचे. एकाच माणसाच्या या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. सैन्यातल्या हुद्द्यांविषयी आपल्याकडे जे गोंधळ आहेत, त्यातले बहुतेक या तिन्हींची एकच मोट बांधल्यामुळे होतात.

"कॅप्टन म्हणजे कॅप्टन, त्यात काय!"

लग्नाच्या बोलण्यांत हा घोळ सर्रास होतो. भूदलातला कॅप्टन हा तरुण अधिकारी असतो, कमिशन मिळून दोन वर्षे झाली की हा हुद्दा मिळतो. नौदलातला कॅप्टन मात्र भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. त्याची वीसेक वर्षे समुद्रावर गेलेली असतात आणि मोठी युद्धनौका त्याच्या हवाली असू शकते. दोघे समोरासमोर आले तर सॅल्यूट कोणी ठोकायचा, हे सांगायला नको. भूदलाच्या कॅप्टनच्या तोडीचा नौदलातला हुद्दा लेफ्टनंट आणि हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट. व्यापारी जहाजावरचा किंवा प्रवासी विमानातला कॅप्टन या शिडीवर कुठेच नाही, ते त्यांच्या व्यवसायातले संबोधन आहे.

हवाई दलाची नावे तर फसवण्यासाठीच ठेवल्यासारखी आहेत. स्क्वाड्रन लीडर हा मेजरच्या बरोबरीचा, पण स्क्वाड्रनचे नेतृत्व साधारणपणे त्याच्या वरचा अधिकारी करतो. चेन्नईच्या कुटुंबातले अभिनंदन वर्धमान फेब्रुवारी २०१९ मधल्या पाकिस्तानबरोबरच्या हवाई चकमकीच्या वेळी विंग कमांडर होते, पण ते चालवत होते एक मिग-२१, विंग नव्हे. तो हुद्दा लेफ्टनंट कर्नलच्या तोडीचा. २०२१ मध्ये ते ग्रुप कॅप्टन झाले, म्हणजे कर्नलच्या पायरीवर आले.

आणि फ्लाइंग ऑफिसर? हवाई दलात कमिशन मिळालेल्या प्रत्येकाचा हा पहिला हुद्दा. लेखा शाखेत हिशेब पाहणाराही फ्लाइंग ऑफिसर आणि हवामान शाखेत ढगांचा अंदाज बांधणाराही. हो, हवाई दलाला स्वतःची हवामान शाखा आहे. कॉलेज रोडवरचे केंद्र हे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे, म्हणजे नागरी. तिथले शास्त्रज्ञ गणवेशात नसतात. पण भौतिकशास्त्र, गणित, भूगोल अशा विषयांत एमएस्सी किंवा एमए केलेल्या एखाद्या मुलीला हेच काम वायुसेनेच्या तळावर करायचे असेल, तर एएफकॅट परीक्षेतून तिच्यासाठी वाट आहे. विमान न उडवताही तिच्या खांद्यावर फ्लाइंग ऑफिसरची फीत लागेल.

"वर्षे भरली की बढती आपोआप"

कंपनीच्या फौजेत जेकबच्या काळी हे बरेचसे खरे होते. तिथे पलटणीतल्या ज्येष्ठतेने हुद्दे मिळत, वरचा मेला किंवा निवृत्त झाला की खालचा सरकायचा. राणीच्या खास ब्रिटिश सैन्यात तर घोडदळ-पायदळातले हुद्दे पैसे मोजून विकत घेता येत, ती पद्धत १८७१ मध्ये बंद झाली.

आजच्या भारतीय सैन्यात 'आपोआप' हा शब्द अर्धाच खरा आहे. २००४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होता येते. त्यासाठीही मधल्या खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि अहवाल बरे असावे लागतात. खरी गाळणी यानंतर लागते. कर्नल होण्यासाठी निवड मंडळ बसते. कर्नलचा ब्रिगेडियर होताना दुसरे मंडळ, ब्रिगेडियरचा मेजर जनरल होताना तिसरे, आणि लेफ्टनंट जनरल व्हायचे तर विशेष मंडळ. मंडळापुढे गोपनीय अहवाल, घेतलेली प्रशिक्षणे, सांभाळलेली पदे यांचा तपशील येतो, अधिकाऱ्याची ओळख मात्र झाकलेली असते. त्याच तुकडीच्या अधिकाऱ्यांशी तुलना होते आणि ठरावीक संधींत नाव निघाले नाही तर ते दार बंद.

याचे कारण हिशेबाचे आहे. एका पलटणीला सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, एकच लागतो, आणि तो आता कर्नल असतो. दरवर्षी कमिशन घेणारे शेकड्यांनी, पलटणी मोजक्या. निवड न झालेला अधिकारी नालायक होता असे समजणारे शेजारीपाजारी मला वारंवार भेटतात. हा समज अन्यायाचा आहे. असा अधिकारी सव्वीस वर्षे सेवा झाल्यावर कालबद्ध बढतीने कर्नल होतो, पण पलटण त्याच्या हाती येत नाही. हुद्दा तोच, पद वेगळे.

वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजचा शिक्का या प्रवासात फार मोलाचा. निलगिरीतल्या या कॉलेजात प्रवेशासाठी चुरशीची परीक्षा असते आणि अभ्यासक्रमाची पदव्युत्तर पदवी मद्रास विद्यापीठाची मिळते. पुण्याचे माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या नावापुढेही ती आहे.

नरवणे पायदळाचे. म्हणून "लष्करप्रमुख पायदळाचाच, फार तर रणगाडे किंवा तोफखान्याचा" हा समज अनेकांच्या मनात पक्का होता. त्यांच्यानंतर ३० एप्रिल २०२२ रोजी नागपूरचे जनरल मनोज पांडे लष्करप्रमुख झाले. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे जेकबच्या बॉम्बे इंजिनिअर्सचा वारसा सांगणाऱ्या दलाचे. इंजिनिअर्समधून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. प्रमुखपदाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, यांतले जे आधी येईल ते. पांडे मे २०२४ मध्ये ६२ चे झाले, तरी त्यांना एक महिना वाढवून मिळाला. लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी आणि मेजर जनरल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. राहता राहिला मेजर आणि लेफ्टनंटचा उलटा क्रम. मेजर लेफ्टनंटच्या वर, मग मेजर जनरल खाली कसा? जुन्या इंग्रजी फौजेत हा हुद्दा सार्जंट-मेजर-जनरल असा होता, पुढे त्यातला सार्जंट गळून पडला.

"डॉक्टर-वकिलांचा हुद्दा नावापुरता"

इथे जरा थांबू, कारण चेन्नईचा खरा संबंध इथेच आहे. नुंगंबाक्कमहून नैऋत्येला, विमानतळाच्या वाटेवर सेंट थॉमस माउंट आहे, तमिळमध्ये परंगिमलै. १९६२ च्या युद्धानंतर अधिकाऱ्यांची निकड भासली, तेव्हा पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढले गेले. पुण्याचे लवकरच बंद झाले, माउंटच्या पायथ्याचे टिकले. आज ती ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या कमिशनचे माहेरघर. १९९२ पासून स्त्रियाही इथे शिकतात.

याच टेकडीपाशी १८०२ मध्ये विल्यम लॅम्टनने भारताच्या महासर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. तोही गणवेशातला तज्ज्ञच. मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये लेफ्टनंट कर्नल असताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नकाशाचे काम जाणणाऱ्यांची गरज लष्कराला अजूनही आहे. त्यासाठी 'हवालदार, सर्व्हेअर ऑटोमेटेड कार्टोग्राफर' अशी थेट भरती होते आणि उमेदवार शिपाई न होता एकदम हवालदार म्हणून रुजू होतो.

परंगिमलैला इंजिनिअर येतात, एनसीसीतून आलेले पदवीधर येतात, वकील येतात. कायद्याच्या पदवीधरांसाठी जज ॲडव्होकेट जनरल शाखा आहे. वकील म्हणून त्यांना धावण्यातून सूट नाही, तेही इतरांबरोबर ४९ आठवडे चिखल तुडवतात. लष्करी कायद्याचे पुढचे शिक्षण नागपूरजवळच्या कामठीत होते. या शाखेचा सर्वोच्च अधिकारी मेजर जनरल असतो, म्हणजे वकिलाची शिडी आखूड, पण खरी. जागांमध्ये पुरुषांना झुकते माप होते, नऊपैकी सहा त्यांच्या आणि तीन स्त्रियांच्या. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी रद्द केली.

डॉक्टरांचे गणित आणखी निराळे. सशस्त्र दलांची वैद्यकीय सेवा तिन्ही दलांना मिळून एक आहे. त्यामुळे इतरत्र अशक्य वाटेल अशी गोष्ट इथे घडते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) प्रमुख पुनीता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, आणि पुढे नौदलात जाऊन त्याच व्हाइस ॲडमिरल झाल्या. माणूस तोच, पायरीही तीच, गणवेश तेवढा बदलला. डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांचे पती राजीव कानिटकरही लेफ्टनंट जनरल. या हुद्द्यांत नावापुरते काही नाही: पगार, शिस्त, कोर्ट मार्शल सगळे लागू. मर्यादा एकच, कर्नल डॉक्टर रुग्णालय चालवील, पायदळाची पलटण चालवणार नाही.

"मानद म्हणजे मानाचाच"

सचिन तेंडुलकर २०१० पासून हवाई दलाचा मानद ग्रुप कॅप्टन आहे. चेन्नईकरांचा 'तला' महेंद्रसिंह धोनी २०११ पासून प्रादेशिक सेनेचा मानद लेफ्टनंट कर्नल. गौरव म्हणून हे उत्तम, पण त्यातून नोकरी, पगार वा अधिकार येत नाहीत. प्रादेशिक सेनेत रीतसर कमिशन घेणारा माणूस वेगळा. तो नागरी व्यवसाय सांभाळून दरवर्षी प्रशिक्षण घेतो आणि बोलावणे आले की गणवेश चढवतो.

सातारा-कोल्हापूरच्या गावांतला 'कॅप्टनसाहेब' मात्र या रांगेत बसवू नका. शिपाई म्हणून भरती झालेला, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशा पायऱ्या चढलेला माणूस निवृत्तीच्या सुमारास २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट वा मानद कॅप्टन होतो. हा मान तीसेक वर्षांच्या चाकरीने कमावलेला असतो आणि तो फार थोड्यांना मिळतो. दोन्हीकडे शब्द 'मानद' हाच. त्यामुळे या वृद्धांना "तुम्ही काय, धोनीसारखे मानद" असे म्हणणारे महाभाग निघतात.

नायब सुभेदार ते सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. ते राजपत्रित असतात, पलटणीत त्यांना 'साहेब' म्हणतात, आणि तरुण लेफ्टनंट त्यांच्याकडूनच अर्धे काम शिकतो. सगळे जेसीओ खालून वर येतात असेही नाही. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री, बौद्ध भिक्खू यांची धर्मशिक्षक म्हणून थेट नायब सुभेदारपदी भरती होते, त्यांचे प्रशिक्षण पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये. भालाफेकीचा नीरज चोप्राही २०१६ मध्ये थेट नायब सुभेदार झाला.

शिपायाने अधिकारी व्हायचे तर आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा आहे. तिथून देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत जाता येते. वय उलटण्याआधी अर्ज करायला हवा, एवढेच आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. अग्निवीराचे चित्र २०२२ पासून वेगळे. तो चार वर्षांसाठी, जुन्या हुद्द्यांपासून अलग ठेवलेल्या स्वतंत्र श्रेणीत येतो, आणि प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना नियमित सेवेत घेतले जाते.

घरात पदवीधर मुलगा-मुलगी असेल तर वयाकडे आधी पाहा. शॉर्ट सर्व्हिसच्या तांत्रिक प्रवेशाला वीस ते सत्तावीस, वकिलांना एकवीस ते सत्तावीस, एमबीबीएस झालेल्यांना तीसपर्यंत आणि पदव्युत्तर डॉक्टरांना पस्तीसपर्यंत सवड आहे. जाहिरात लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावर निघते. जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या कुणालाही एक पैसा देऊ नका.