काळू-बाळू

काळू-बाळू ही महाराष्ट्राच्या ढोलकी-फडाच्या तमाशातील विख्यात विनोदी जोडी होय. लहू संभाजी खाडे (काळू) आणि अंकुश संभाजी खाडे (बाळू) हे सांगली जिल्ह्यातील कवलापूर येथील जुळे बंधू या नावाने ओळखले गेले. 'जहरी प्याला' या वगनाट्यात त्यांनी रंगविलेल्या दोन हवालदारांची ही नावे होती. पुढे ती त्यांच्या खऱ्या नावांपेक्षा अधिक रूढ झाली आणि त्यांच्या फडालाही तेच नाव पडले. चेहऱ्यातील विलक्षण साम्य, तमाशाचे घराणे आणि गावोगावच्या यात्रांतून घडलेला प्रेक्षक या तिन्हींच्या आधारावर या जोडीची कारकीर्द उभी राहिली.

गाव आणि परिसर

कवलापूर हे मिरज तालुक्यातील गाव सांगली-तासगाव रस्त्यावर आहे. बोलीभाषेत त्याचा उच्चार 'कौलापूर' असाही होतो. सांगली आणि सातारा या जिल्ह्यांचा तमाशाशी असलेला संबंध जुना आहे. पहिला वग मानला जाणारा 'मोहना-बटाव' तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबू सावळजकर यांच्या नावावर आहे आणि त्याचा काळ १८६५ सांगितला जातो. शाहीर पठ्ठे बापूराव (श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी) वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे होते. तमाशाला 'लोकनाट्य' हे नवे रूप देणारे अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातील वाटेगावचे होते.

या दोन जिल्ह्यांचा पूर्वेकडील कोरडा पट्टा माणदेश म्हणून ओळखला जातो. साताऱ्यातील माण आणि सांगलीतील आटपाडी हे तालुके त्यात येतात. येथील शेती पावसाच्या भरवशावर असल्याने सुगी संपली की माणसे मोकळी होत आणि यात्रांना गर्दी लोटे. म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा, खरसुंडीची यात्रा व तेथील जनावरांचा बाजार, खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा ही त्यांतील मोठी नावे. अशा यात्रांत दिवसा देवदर्शन आणि खरेदी-विक्री होई आणि रात्री तमाशा रंगे. पश्चिम महाराष्ट्रातील फडांचा चरितार्थ प्रामुख्याने या वार्षिक चक्रावर चालत असे.

घराणे

खाडे घराण्यात तमाशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कवलापूरकरांचे जुने फड 'सातू-हिरू' आणि 'शिवा-संभा' या नावांनी ओळखले जात. त्यांतील संभा म्हणजे लहू आणि अंकुश यांचे वडील. पुढच्या पिढीत याच परंपरेतून काळू-बाळूंचा फड उभा राहिला.

फडाला दोघांचे जोडनाव देण्याची रीत तमाशात सर्वत्र आढळते. उमा-बाबू सावळजकर यांच्याप्रमाणेच भाऊ-बापू मांग नारायणगावकर हेही त्याचे ठळक उदाहरण आहे. विठाबाई नारायणगावकर त्याच फडातून पुढे आल्या. फड चालविण्याचे काम एका माणसाच्या आवाक्यातले नसते. एकाने रंगमंच सांभाळावा, दुसऱ्याने माणसे, पैसा आणि प्रवास पाहावा, प्रसंगी एकमेकांची जागा घ्यावी, ही त्यामागची व्यावहारिक गरज होय. काळू-बाळूंच्या बाबतीत या रीतीला एक वेगळे वळण मिळाले. येथे जोडनाव मालकांचे राहिले नाही, ते नाटकातील पात्रांचे झाले.

नावांची कथा

रामाच्या जुळ्या पुत्रांची नावे संस्कृत परंपरेत लव आणि कुश अशी आहेत. मराठी लोकपरंपरेत मात्र त्यांना 'लहू' आणि 'अंकुश' म्हटले जाते. खाडे बंधूंची जन्मनावे याच परंपरेतील आहेत आणि त्या नावांतच त्यांच्या जुळेपणाची नोंद आहे.

'जहरी प्याला' या वगातील हवालदारांच्या भूमिका लोकप्रिय झाल्यावर काळू आणि बाळू ही नावे त्यांना कायमची चिकटली. भूमिकेचे नाव नटाला चिकटणे रंगभूमीवर नवे नाही. दादू इंदुरीकर यांची 'गाढवाचं लग्न'मधील सावळ्या कुंभाराची भूमिका त्यांच्या नावाशी अशीच जोडली गेली. तरी इंदुरीकरांचे स्वतःचे नाव टिकून राहिले. खाडे बंधूंची स्वतःची नावे मात्र प्रेक्षकांच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीशी झाली.

तमाशातील विनोदाची जागा

पारंपरिक तमाशाचा क्रम साधारणपणे गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा असतो. गणात गणेशाला वंदन केले जाते. गौळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी येतात. मावशीचे काम पुरुष नट करतो व गवळणींची बाजू लढवितो. बतावणी म्हणजे दोन पात्रांमधील हजरजबाबी, चढाओढीचा संवाद. तिला बहुधा लिखित संहिता नसते. कोटी, उलट अर्थ, अतिशयोक्ती आणि त्या त्या गावातील ताज्या घडामोडी यांवर ती रंगते.

या सगळ्यात विनोदाचा मुख्य भार सोंगाड्यावर असतो. राजा असो, सावकार असो वा पाटील, त्याच्या तोंडावर न बोलता येणारी गोष्ट सोंगाड्या वेड पांघरून बोलतो. तमाशा ही मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी इत्यादी समाजांतील कलावंतांनी जोपासलेली कला आहे. गावात ज्यांना मान वर करून बोलता येत नसे, त्यांना बोर्डावर ती मुभा मिळे. म्हणून सोंगाड्याच्या थट्टेला करमणुकीपलीकडचा अर्थ होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. ती पुढे उठली, परंतु प्रयोगाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत सुरू झाली. आयत्या वेळी सुचणाऱ्या विनोदावर जगणाऱ्या कलेला हे बंधन अवघड होते. त्याचा एक परिणाम असा झाला की, लिहिलेल्या वगाचे आणि त्यातील ठरीव विनोदी पात्रांचे महत्त्व वाढले. वगनाट्यातील विनोदी पात्रांना स्वतंत्र कीर्ती मिळण्यास हा काळ अनुकूल ठरला.

जुळेपण आणि हवालदार

विनोदी जोडीचा नेहमीचा साचा विरोधावर उभा असतो. एक शहाणा तर दुसरा वेडा, एक लठ्ठ तर दुसरा किडकिडीत, एक प्रश्न विचारणारा तर दुसरा भलतेच उत्तर देणारा. तमाशातील बतावणीही याच तत्त्वावर चालते. काळू-बाळूंच्या जोडीत बाह्य विरोध नव्हताच. एकसारखा चेहरा, एकसारखी अंगकाठी आणि त्यावर एकसारखा गणवेश. त्यामुळे हसू निर्माण होण्याची वाट बदलली. कोण कोणता हे ओळखताना होणारा गोंधळ हाच प्रेक्षकाच्या आनंदाचा भाग झाला.

जुळ्यांवरील विनोद जगभर आढळतो. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत आणि त्यावर आधारलेल्या 'अंगूर' (१९८२) या हिंदी चित्रपटात संजीव कुमार व देवेन वर्मा यांनी प्रत्येकी दुहेरी भूमिका केल्या. चित्रपटात एकाच नटाचे दोन करता येतात, रंगमंचावर ती सोय नसते. जादूच्या प्रयोगांतही जुळ्यांच्या साम्याचा उपयोग होऊ शकतो. पेटीत अदृश्य झालेला माणूस क्षणार्धात मंडपाच्या दुसऱ्या टोकाला प्रकट झाला की प्रेक्षक थक्क होतो. तेथे साम्याचे गुपित राखावे लागते. काळू-बाळूंच्या विनोदात ते गुपित पहिल्याच क्षणी उघड असे आणि पेट्रोमॅक्सच्या किंवा विजेच्या दिव्यांच्या उजेडात दोघे शेजारी शेजारी उभे राहत.

हवालदाराची भूमिकाही या साम्याला अनुरूप होती. गणवेशाचा उद्देशच माणसामाणसांतील फरक पुसण्याचा असतो. खेड्यातील सामान्य माणसाला सरकारचे पहिले दर्शन घडे ते पोलीस, तलाठी वा कोतवालाच्या रूपाने आणि त्या दर्शनात धाक असे. तोच गणवेश अंगावर चढवून दोन गोंधळलेली, एकमेकांची नक्कल वाटावी अशी माणसे समोर आली की धाकाचे रूपांतर हशात होई. जुन्या तमाशातील सोंगाड्या राजाची फिरकी घेत असे. राजे गेल्यावर त्याच्या जागी हवालदार आला, पण सत्तेची थट्टा करण्याचे सोंगाड्याचे काम तसेच राहिले.

फडाचा संसार

ढोलकी-फडाचा तमाशा हा फिरता संसार असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज ही त्याची मूळ वाद्ये. कालांतराने पेटी, क्लॅरिनेट आणि नंतर इलेक्ट्रॉनिक वाद्येही आली. मोठ्या फडात नट, नर्तिका, गायक, वादक यांच्याबरोबर तंबू उभारणारे, स्वयंपाकी, वाहनचालक असे शंभराच्या आसपास लोक असू शकतात. हंगाम सामान्यतः दसऱ्याला सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो.

उत्पन्नाचे दोन मार्ग असतात. कनाती लावून तिकिटावर खेळ करणे हा पहिला. यात्रा समितीकडून ठरावीक रकमेची 'सुपारी' घेऊन खेळ करणे हा दुसरा. चैत्रातील यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या पडतात. सांगली जिल्ह्यातील विटे हेही तमाशा ठरविण्याचे एक ठिकाण आहे. कलावंतांना हंगामाआधी 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि ती बहुधा कर्ज काढून उभी केली जाते. हंगामात पाऊस, दुष्काळ, निवडणूक वा साथ आली की कर्जाचा बोजा फडमालकावर पडतो. काळू-बाळू हे नट होते तसेच फडाचे चालकही होते. म्हणून त्यांच्या विनोदाची लोकप्रियता हा संपूर्ण फडाच्या पोटापाण्याचा आधार होता.

शहरी लोकनाट्य आणि तंबूतील तमाशा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी रंगभूमीने तमाशाची मांडणी आपलीशी केली. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, वसंत सबनीस यांनी लोकनाट्ये लिहिली. सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडके आणि 'कथा अकलेच्या कांद्याची'मधून निळू फुले पुढे आले व चित्रपटांत स्थिरावले. त्यांचा विनोद चित्रफितींवर टिकून राहिला.

काळू-बाळूंची कीर्ती मात्र मुख्यत्वे तंबूतील तमाशाने घडविली. तमाशाचा खेळ रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले आणि प्रत्येक गावी प्रेक्षक पाहून बदलत असे. अशा कलेची पूर्ण नोंद कागदावर किंवा फितीवर राहणे कठीण असते. त्यामुळे या जोडीविषयीची माहिती मोठ्या प्रमाणात प्रेक्षकांच्या आणि सहकलावंतांच्या आठवणींत विखुरलेली आहे.

उत्तरकाळ

दूरदर्शन, व्हिडिओ आणि नंतर मोबाईल यांच्या प्रसाराबरोबर तमाशाचे स्वरूप बदलले. गण-गौळण आणि बतावणी आखडत गेली, चित्रपटगीतांवरील नृत्यांना अधिक वेळ मिळू लागला आणि रात्रभराच्या वगाला उसंत उरली नाही. वग संकोचला तशी त्यातील विनोदी जोडीची जागाही कमी झाली.

लहू खाडे यांचे २०११ मध्ये निधन झाले आणि ही जोडी फुटली. विनोदी जोडीतील एखादा नट गेल्यास दुसरा उभा करता येतो. येथे तो पर्याय नव्हता, कारण भूमिकेचा आधारच चेहऱ्यातील साम्य हा होता. महाराष्ट्र शासनाने २००६ पासून सुरू केलेल्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराच्या मानकऱ्यांत अंकुश खाडे यांचा समावेश आहे. खाडे घराण्याच्या पुढील पिढीने कवलापूरच्या फडाचे नाव चालू ठेवले. २०२० आणि २०२१ या वर्षांत कोरोनाच्या साथीमुळे यात्रा रद्द झाल्या, तेव्हा राज्यातील सर्वच फडांना काम थांबवावे लागले व कलावंतांवर उपासमारीची वेळ आली.

महत्त्व

तमाशाच्या इतिहासात लावणी आणि नर्तिका यांविषयी विपुल लेखन झाले आहे. सोंगाड्याच्या कलेचा अभ्यास त्या मानाने कमी आहे. ढोलकी-फडाच्या तमाशात रात्रभर प्रेक्षक धरून ठेवण्याचे काम लावणीइतकेच विनोदाचे होते, हे काळू-बाळूंच्या कारकिर्दीतून स्पष्ट होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा फड, जोडनावाची परंपरा, सत्तेची थट्टा करणारा सोंगाड्या आणि यात्रेतील प्रेक्षक हे तमाशाचे चारही घटक त्यांच्यात एकत्र आलेले दिसतात. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीच्या अभ्यासकांसाठी ही जोडी महत्त्वाची ठरते.