विद्यार्थिदशेंतील साधीं सुखें

सुखाचा विचार तत्त्ववेत्त्यांनीं केला, संतांनीं केला आणि अर्थशास्त्रज्ञांनींही केला. परंतु कॉलेजांत शिकणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दिवसाकांठीं जीं लहानसहान सुखें मिळतात, त्यांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. घरांतील वडील माणसांच्या दृष्टीनें विद्यार्थ्याचें सुख म्हणजे परीक्षेचा निकाल, आणि तो यावयाचा वर्षांतून एखाद-दुसऱ्या दिवशीं. विद्यार्थी मात्र वर्षाचे उरलेले सगळे दिवसही जगत असतो. त्या दिवसांना गोडी कशानें येते, ती कोणाला लाभते आणि कोणाला लाभत नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. माणसाला पुढें जन्मभर पुरणारी आनंदाची संवय बहुधा याच वयांत लागते किंवा याच वयांत मोडते.

या प्रश्नाचा विचार करण्यास सातारा आणि सांगली हीं दोन गांवें फार सोयीचीं आहेत. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईवरून साताऱ्याजवळ माहुलीस येते व तेथें वेण्णेला भेटते; कऱ्हाडास कोयनेला पोटाशीं धरते आणि मग सांगलीच्या घाटाला लागते. दोन्ही जिल्हेही एकाच घरांतून वेगळे निघालेले आहेत. १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. शिक्षणाच्या इतिहासांत तर १९१९ हें एकच वर्ष दोहोंकडे महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें विलिंग्डन कॉलेज सांगलीस निघालें, आणि त्याच वर्षीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढें १९४७ सालीं याच संस्थेनें साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें. या दोन गांवांतील विद्यार्थ्यांचें जीवन नीट न्याहाळलें म्हणजे साधें सुख कोणत्या द्रव्यांचें बनलेलें असतें, याचा पुष्कळसा उलगडा होतो.

प्रथम सांगलीकडे पाहूं. विलिंग्डन कॉलेज सांगली आणि मिरज यांच्या मध्यें विश्रामबागेंत आहे. त्यामुळें विद्यार्थ्याला एका हातास व्यापाराचें गांव आणि दुसऱ्या हातास गाण्याचें गांव लाभलेलें आहे. हळदीच्या पेठेवरून जातांना येणारा उग्र, मातकट वास. संध्याकाळीं आयर्विन पुलाच्या कठड्याशीं उभें राहून पाहिलेलें कृष्णेचें पाणी. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूरपर्यंत रमतगमत काढलेली सायकलवरची फेरी. परत येतांना कागदाच्या पुडींत घेतलेलें भडंग: ही एका सामान्य विद्यार्थ्याच्या श्रीमंतीची यादी होय. तींत आणखी एक गोष्ट घातली पाहिजे. पुष्कळ वर्षें या भागांतील खेड्यापाड्यांतून शहरांत शिकावयास आलेल्या मुलांचे जेवणाचे डबे एस्. टी. च्या गाडीनें येत आले आहेत. पहांटे उठून आईनें भाजलेली भाकरी दुपारीं स्टँडवर उतरते. डब्याचें झांकण उघडल्यावर जो वास येतो, तो कोणत्याही खाणावळींत विकत मिळत नाहीं.

या सर्व गोष्टींत समान असें काय आहे? त्या स्वस्त आहेत, हें उत्तर चटकन् सुचतें. परंतु तें अपुरें आहे. स्वस्त वस्तु पुष्कळ असतात आणि त्यांतील बहुतेक कोणालाही सुख देत नाहींत. खरें कारण अधिक खोल आहे, आणि त्याचे चार भाग पाडतां येतात.

पहिला भाग लक्षाचा. मिरज हें सतार आणि तंबोरे यांचें माहेर. तेथील या वाद्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. वाळलेल्या कडू भोपळ्याला कारागीर आकार देतो, त्यावर लांकडी दांडी बसवितो, आणि सर्व झाल्यावर घोडीवरून जाणाऱ्या तारेची जवारी लावतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित् घांसावयाचा, तारेखालीं सुताचा धागा सरकवावयाचा, तार छेडावयाची, ऐकावयाचें आणि पुन्हा घांसावयाचें. अप्रशिक्षित कानाला प्रारंभीं कांहींच फरक कळत नाहीं. परंतु जो विद्यार्थी दुकानाच्या पायरीशीं दहा मिनिटें स्वस्थ उभा राहील, त्याला एका क्षणीं तो कोरडा आवाज उमलून गुंजूं लागलेला ऐकूं येईल. या सुखाला दाम पडत नाहीं. मात्र दहा मिनिटांचें अखंड लक्ष पडतें. साधें सुख फुकट असतें असें जें म्हणतात, तें म्हणूनच बरोबर नाहीं. त्याची किंमत निराळ्या नाण्यांत द्यावी लागते.

दुसरा भाग अंतराचा, म्हणजे प्रतीक्षेचा. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार आहे. सह्याद्रीच्या इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली. वर्षांतील बराच काळ तेथें जांभ्या खडकाचा सडा आणि वर मातीचा पातळ थर यांखेरीज डोळ्यांत भरण्यासारखें फारसें नसतें. पावसाळा सरतां सरतां मात्र त्याच सड्यावर फुलांचे गालिचे पसरतात. त्यांतील पुष्कळ फुलें इतकीं लहान असतात कीं, गुडघे टेकून वांकल्यावांचून त्यांचें रूप कळत नाहीं. टोपली कारवी तर सात वर्षांनीं एकदां फुलते. ती रोज फुलली असती तर साताऱ्याच्या विद्यार्थ्यानें तिच्याकडे मान वळवून पाहिलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. भूक लागल्यावर भाकरी गोड लागते, आणि निकालाच्या दिवशीं वांटलेला कंदी पेढा रोजच्या पेढ्याहून निराळा लागतो, तो याच कारणानें.

संवय ही सुखाची चोरटी वैरीण आहे, हें जुन्या लोकांस अनुभवानें ठाऊक होतें. आधुनिक मानसशास्त्रानें त्याची परीक्षाही करून पाहिली. १९७८ सालीं अमेरिकेंत फिलिप ब्रिकमन आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं इलिनॉय राज्याच्या सोडतींत मोठ्या रकमा मिळालेल्या २२ माणसांची तुलना तशा रकमा न मिळालेल्या २२ माणसांशीं केली. न्याहरी करणें, मित्राशीं बोलणें, मासिक वाचणें, विनोद ऐकणें अशा नित्याच्या गोष्टींपासून किती आनंद होतो, असें सर्वांना विचारण्यांत आलें. सोडत जिंकलेल्यांनीं या गोष्टींतील आनंद इतरांपेक्षां कमी सांगितला. आणि एकंदर सुखांतही ते इतरांहून फारसे पुढें नव्हते. माणसें थोडीं होतीं, तेव्हां या एका प्रयोगावर मोठा सिद्धान्त उभारूं नये हें खरें. तरी त्यानें एक गोष्ट सुचविली: एकदम आलेलें मोठें सुख मोजण्याची पट्टीच बदलून टाकतें, आणि मग लहान सुखें त्या पट्टीवर दिसेनाशीं होतात.

तिसरा भाग सोबतीचा. गांवाहून आलेला डबा एकट्यानें संपविणारा विद्यार्थी विरळा. एकाच्या डब्यांत खर्डा, दुसऱ्याच्या डब्यांत पिठलें, तिसऱ्याचा डबा गाडी चुकल्यामुळें आलेलाच नाहीं. आणि तरीही तिघेही पोटभर जेवतात. नाटकाच्या तालमींतही हेंच घडतें. सांगली ही मराठी रंगभूमीची जन्मभूमि. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं तेथें ‘सीतास्वयंवर’ हें नाटक केलें. तेव्हांपासून या गांवाच्या अंगांत नाटक भिनलेलें आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनांतील प्रयोग तासा-दोन तासांत संपतो. परंतु महिनाभर रात्रीं जागून केलेल्या तालमी, विसरलेलीं वाक्यें आणि त्यावर पिकलेला हंशा हींच पुढें जन्मभर आठवतात. प्रयोग प्रेक्षकांचा असतो, तालीम मात्र मित्रांची असते.

चौथा भाग स्वकष्टाचा. आणि त्याच्यासाठीं साताऱ्यासच गेलें पाहिजे. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं आपल्या संस्थेचें ठाणें साताऱ्यास हलविलें आणि तेथें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं एकत्र वसतिगृह चालविलें. १९२७ च्या फेब्रुवारींत महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें ‘छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस’ असें नामकरण झालें. स्पृश्य आणि अस्पृश्य म्हटलीं जाणारीं मुलें तेथें एका पंक्तीस बसत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट आणि शेतांतील कामें तीं स्वतःच करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेंच आमचें ब्रीद’ हें संस्थेचें बोधवाक्य, आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची रीत. १९४७ सालीं निघालेल्या कॉलेजांतही ही रीत चालली, आणि पुढें महाराष्ट्रांतील विद्यापीठांनींही तिचा स्वीकार केला. सकाळीं शेताला पाणी देऊन मग वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या पुस्तकाची किंमत रुपयांत नव्हे, तर पाठीच्या दुखण्यांत ठाऊक असते. असें पुस्तक उघडतांना होणारा आनंद बापाच्या पैशानें घेतलेल्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. या कष्टांत दीनता नव्हती, कारण ते सर्वांना सारखे होते. आणि अपमान नव्हता, कारण ते कोणाच्या उपकाराच्या बदल्यांत नव्हते.

येथें एका मोठ्या गैरसमजाला थारा मिळूं नये म्हणून सावध राहिलें पाहिजे. साध्या सुखाचें गुणगान बहुधा सुखवस्तु माणसें करतात आणि तें ऐकावें लागतें गरिबाला. ‘चटणी-भाकरींत केवढा आनंद आहे!’ हें वाक्य, ज्याच्या घरीं पक्वान्न असून जो हौसेनें भाकरी खातो, त्याच्या तोंडीं शोभतें. ज्याला भाकरीचीच भ्रांत, त्याला तें सांगणें ही क्रूर थट्टा होय. भाऊरावांची थोरवी येथें दिसते. खेड्यांतील अर्धपोटीं मुलाला त्यांनीं संतोषाचा उपदेश केला नाहीं. त्याच्यासाठीं पंगत मांडली. ती पंगत मोडूं नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. वसतिगृहांतील मुलांच्या तोंडचा प्रत्येक घांस गोड होता, याचें एक कारण त्या त्यागांत आहे.

नदीचेंच उदाहरण घ्या. १९२९ सालीं बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळ सांगलीकर कृष्णेची उंची मोजतात. पाणी ४० फुटांस पोंचलें कीं इशारा आणि ४५ फुटांस पोंचलें कीं धोका, हें तेथील शाळकरी मुलालाही पाठ असतें. २००५ आणि २०१९ सालच्या महापुरांत हीच नदी घरांघरांत शिरली. ज्याची वह्यापुस्तकें आणि अंथरूण त्या पाण्यांत गेलें, त्याला त्या आठवड्यांत नदीकांठच्या संध्याकाळचें सौंदर्य दिसलें नसेल, तर तो त्याच्या रसिकतेचा दोष नव्हे. साध्या सुखाच्या पायाखालीं कोरडी जमीन लागते. पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर, पुढच्या सत्राच्या फीची तरतूद आणि दिवसाकांठीं तासभर तरी स्वतःचा वेळ, एवढें असलें म्हणजे मग वरचे चार भाग आपलें काम करूं लागतात. हें पुरविणें घराचें आणि समाजाचें काम आहे, त्यापुढचें विद्यार्थ्याचें.

सुशिक्षित घरांतून मात्र आज बहुधा उलट अडचण दिसते. तेथें पाया पक्का आहे. पण वरील चारही गोष्टींना फांटा मिळाला आहे. मुलाच्या हातीं फोन असतो, आणि तो त्याचें लक्ष दर दोन मिनिटांस तुकड्या-तुकड्यांनीं वेंचून नेतो. मागितलेली वस्तु मागतांक्षणीं दाराशीं येते, म्हणून प्रतीक्षा उरत नाहीं. अभ्यासाला खोली स्वतंत्र, म्हणून सोबत नाहीं. आणि घरांत कामास माणसें, म्हणून कष्ट नाहींत. कासच्या सड्यावर जाऊन फुलाकडे पाठ करून स्वतःचें छायाचित्र काढणारा विद्यार्थी फूल पाहून आला असें म्हणतां येणार नाहीं. त्याला रागें भरण्यांत अर्थ नाहीं. ज्याला कोणी कधीं वांकावयास शिकविलें नाहीं, त्याला तें एवढेंसें फूल दिसावें कसें?

आईबापांना यांत करतां येण्यासारखें थोडें पण निश्चित असें आहे. मुलाच्या दिवसाचा प्रत्येक तास शिकवण्यांनीं भरून टाकूं नये. एक तास त्याचा त्याला मोकळा द्यावा आणि त्या तासाचा हिशेब मागूं नये. त्याच्या एखाद्या गरजेचे पैसे त्याला स्वतःच्या श्रमानें मिळवूं द्यावे. मित्रांसह तो घरीं आला असतां पानांत काय वाढलें याची लाज न बाळगतां सर्वांना जेवावयास बसवावें. आणि सुट्टींत घरीं आल्यावर त्याला गुणांच्या आधीं एक साधा प्रश्न विचारावा: या महिन्यांत तुला कशाकशाचा आनंद झाला? त्या प्रश्नाचें उत्तर ज्याला चटकन् आणि भरभरून देतां येतें, तो विद्यार्थी कॉलेजांत बरेंच कांहीं शिकला असें समजण्यास हरकत नाहीं.