व्याधी, प्रार्थना आणि ग्रंथ

गंभीर व्याधीच्या निमित्ताने एखादा श्रद्धापर ग्रंथ लिहिला जावा, ही गोष्ट भारतीय वाङ्मयाला अपरिचित नाही. सूर्यशतकाच्या रचनेने मयूर कवीचा कुष्ठरोग नाहीसा झाला, ही आख्यायिका संस्कृतच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. अशा आख्यायिकांचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. व्याधी जडते, औषधोपचार थकतात, कवी देवतेला शरण जातो, स्तोत्र रचतो आणि रोगमुक्त होतो. पुढे तेच स्तोत्र इतर रोगपीडितांच्या नित्यपठणात येते आणि परंपरा त्याच्याकडे औषध म्हणून पाहू लागते. परंतु परंपरा जे सांगते, तेच संहिताही सांगते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाच्या अनुरोधाने तीन कृतींचा विचार केला आहे. केरळातील संस्कृत ‘नारायणीयम्’ आणि काशीतील व्रजभाषेतील ‘हनुमानबाहुक’ ह्या दोन कृती व्याधी अंगात असतानाच रचलेल्या आहेत. नॉर्विचच्या ज्युलियनचा इंग्रजी ग्रंथ मात्र रोगमुक्तीनंतर लिहिला गेला. व्याधीचा काळ आणि लेखनाचा काळ ह्यांतील अंतरामुळे काय पालटते, हे पाहण्यासाठी तो येथे घेतला आहे.

मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हे सोळाव्या शतकातील विद्वान वैयाकरण. ‘प्रक्रियासर्वस्व’ हा त्यांचा व्याकरणग्रंथ प्रसिद्ध आहे. आपले गुरू अच्युत पिषारटी ह्यांचा वातव्याधी त्यांनी स्वतःवर ओढवून घेतला, गुरुवायूरच्या मंदिरात रोज एक दशक रचून शंभर दिवसांत स्तोत्र पूर्ण केले आणि ते व्याधिमुक्त झाले, असे परंपरा सांगते. नारायणीयम् हा १०० दशकांत आणि हजाराहून अधिक श्लोकांत केलेला भागवताचा संक्षेप होय. त्याच्या रचनेत दोन काळ समांतर चालतात. एक अवतारकथांचा आणि दुसरा कवीच्या दुखण्याचा. कथा कोणतीही असो, बहुतेक दशकांच्या अखेरीस कवी गुरुवायूरच्या अधिपतीकडे वळतो आणि आपली पीडा दूर करण्याची विनवणी करतो. तिसऱ्या दशकात तर तो युक्तिवादच मांडतो: तुझी कृपा झाली तर अप्राप्य असे काय उरते? मग माझे क्लेश शमविणे ही तुला कितीशी गोष्ट?

ह्या ग्रंथाचा शेवट विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. शंभराव्या दशकात कवीला समोर तेज दिसते आणि तो भगवंताच्या रूपाचे केसांपासून चरणांपर्यंत वर्णन करतो. परंतु ‘मी बरा झालो’ असे विधान तेथे आढळत नाही. सर्व ताप हरण करून परमानंद द्यावा, अशी प्रार्थनाच तेथेही आहे. अगदी अंतिम शब्दसमूहाचा अर्थ आयुष्य, आरोग्य व सौख्य असा असून ह्या स्तोत्राने ते इहलोकी द्यावे, अशी इच्छा कवी व्यक्त करतो. कटपयादि पद्धतीने त्याच अक्षरांतून १७,१२,२१० ही कलिदिनसंख्या निघते आणि तिच्यावरून ग्रंथसमाप्तीचा काळ इ. स. १५८६ च्या अखेरीस येतो. म्हणजे परंपरेने ज्याला रोगमुक्तीचा दिवस मानले, त्या दिवसाच्या नोंदीतही क्रियापद इच्छार्थीच राहिले आहे. आणखी एक गोष्ट अशी की, आरंभी कवी स्वतःच्या देहासाठी मागत होता. शेवटी त्याची मागणी एका देहापुरती राहिलेली नाही.

हनुमानबाहुकाची स्थिती ह्याहून वेगळी आहे. तुलसीदासांच्या उत्तरायुष्यातील ही ४४ छंदांची कृती बाहूच्या तीव्र वेदनेतून निर्माण झाली. आरंभी हनुमंताच्या पराक्रमाचे ओजस्वी स्तवन आहे. परंतु जसजसे पुढे जावे, तसतशी स्तुती मागे पडते आणि वेदना पुढे येते. औषधे, यंत्रे, मंत्र, टोटके सारे करून झाले, देवतांची मनधरणी झाली, तरी पीडा वाढतेच आहे, असे कवी स्पष्टपणे सांगतो. बाहूपुरते असलेले दुखणे पाय, पोट आणि मुख ह्यांतही पसरते. मग कारणांचा शोध सुरू होतो. हे आपलेच पाप, की त्रिताप, की कुणाचा शाप? देव, भूते, पितर, कर्म, काळ आणि ग्रह ह्या सर्वांनी मिळून हल्ला चढविला असेल काय? अखेरीस कवीचा संशय स्वतःवरच स्थिरावतो. लोकांत मान मिळाला आणि त्या मानाने आपण फुगलो. आता अंगावर जी गळवे फुटत आहेत, ती गळवे नव्हेत, राजा रामाचे खाल्लेले मीठच देहातून फुटून बाहेर पडत आहे! निमकहरामीची कल्पना इतक्या शारीर रूपात क्वचितच कोठे आली असेल.

शेवटच्या छंदात कवी हनुमान, राम आणि शंकर ह्या तिघांनाही संबोधितो. तुमच्याकडून काय होऊ शकत नाही, तेवढे तरी मला समजावून सांगा. म्हणजे जे पेरले तेच कापतो आहे असे जाणून मीही मौन धरीन, असा त्याचा आशय आहे. भट्टतिरींचाच हा युक्तिवाद. परंतु तेथे तो विश्वासाने केलेला आहे, तर येथे तो मौनाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो. ह्या अखेरच्या छंदात रोगमुक्तीचा उल्लेख नाही. असे असूनही आज हे स्तोत्र पीडानिवारणार्थ श्रद्धेने म्हटले जाते.

ज्युलियनच्या बाबतीत रोगमुक्ती ही ग्रंथाच्या पूर्वीची घटना आहे. मे १३७३ मध्ये, वयाच्या साडेतिसाव्या वर्षी, ती मरणोन्मुख झाली. अंतिम संस्कारही झाले. धर्मोपदेशकाने तिच्या दृष्टीसमोर क्रूस धरला, वेदना एकाएकी थांबल्या आणि तिला ख्रिस्ताची दर्शने होऊ लागली. पंधरा दर्शनांनंतर दुखणे परतले. विचारपूस करणाऱ्या एका धर्मव्रतीला ती म्हणाली की, आज आपल्याला भ्रम झाला होता. तो हसला, परंतु क्रूसातून रक्त वाहताना दिसले, असे तिने सांगताच तो गंभीर झाला आणि ती लज्जित झाली. सोळावे दर्शन त्यानंतर रात्री झाले. ज्वरातील भ्रम की साक्षात्कार, हा वाचकाच्या मनात येणारा प्रश्न लेखिकेने अशा रीतीने स्वतःच, स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊन नोंदविला आहे.

ह्या अनुभवाची तिने दोन रूपे लिहिली. लहान संहिता २५ प्रकरणांची, तर मोठी ८६ प्रकरणांची आहे. धनी आणि सेवक ह्यांचा दृष्टान्त फक्त मोठ्या संहितेत येतो. धन्याच्या कामासाठी उत्साहाने धावणारा सेवक खड्ड्यात पडतो, जखमी होतो आणि जवळच असलेल्या धन्याचा प्रेमळ चेहरा त्याला दिसेनासा होतो. धनी मात्र त्याला दोष देत नाही. ह्या दृष्टान्ताचा अर्थ उमगण्यास तीन महिने उणी वीस वर्षे लागली, असे ती सांगते. तुलसीदासांना छळणारा ‘हे माझ्याच दोषाचे फळ काय?’ हा प्रश्नच येथे दुसऱ्या रूपात समोर येतो. तिला त्याचे वेगळे उत्तर मिळाले, ह्याचे एक कारण धर्मविचारातील भेद हे आहेच. परंतु वेदना शमल्यानंतर मिळालेली वीस वर्षेही विसरून चालणार नाही. तेवढी सवड काशीतील वृद्ध कवीला नव्हती.

तात्पर्य, ह्या तिन्ही कृतींत रोगमुक्ती हा ग्रंथाचा मुख्य विषय नाही. एकीत ती मागणे आहे, दुसरीत तिचा अभाव आहे आणि तिसरीत ती केवळ निमित्त आहे. परंपरेची आख्यायिका खोटी ठरविणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. परंतु तिचा सुखान्त संहितेवर लादणेही योग्य नव्हे. हनुमानबाहुकाच्या अखेरीस कवी बरा झाला असे गृहीत धरून वाचणारा त्याचा शेवटचा प्रश्न ऐकतच नाही. वेदनेने जागत असलेला जो रोगी ते स्तोत्र म्हणतो, तो मात्र तो प्रश्न ऐकत असावा. आपल्याआधी कोणीतरी हेच विचारले होते आणि त्यालाही तत्काळ उत्तर मिळाले नव्हते, हे त्याला त्या छंदांतून कळते. फलश्रुतीत न सांगितलेले असे हेही एक फळ होय.