अ‍ॅब्सॉर्प्शन की अ‍ॅडसॉर्प्शन? एका अक्षराचा घोळ

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा विषय होता सांडपाण्यातला रंग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनने काढणे. सिनॉप्सिसमध्ये मी सगळीकडे ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ लिहिलं होतं. प्रेझेंटेशनला एका सरांनी शांतपणे विचारलं, "रंग कार्बनच्या आत विरघळतो की पृष्ठभागावर चिकटतो?" मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस दुरुस्तीला परत आली.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा फरक नीट समजून घ्या.

अ‍ॅब्सॉर्प्शन म्हणजे शोषण. यात एक पदार्थ दुसऱ्याच्या आत सगळीकडे पसरतो. उदा. सोड्याच्या बाटलीत पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड.

अ‍ॅडसॉर्प्शन म्हणजे अधिशोषण. यात रेणू फक्त पृष्ठभागावर धरले जातात. उदा. नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी हवेतली वाफ अशीच धरते. हा शब्द जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश कायझर यांनी १८८१ मध्ये रूढ केला.

आता प्रश्न पडेल, नुसत्या पृष्ठभागावर असं मावणार किती? तर १ ग्रॅम चांगल्या कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांचं पृष्ठफळ साधारण १००० चौरस मीटर भरतं, म्हणजे जवळपास दहा गुंठे जमीन!

"एका अक्षराने काय बिघडतं?" असं म्हणू नका. शब्द बदलला की समीकरण बदलतं. लँगम्यूरचं १९१८ चं समीकरण पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसतो असं गृहीत धरतं. द्रवात विरघळणाऱ्या वायूला ते लावून उपयोग नाही, तिथे हेन्रीचा नियम लागतो.

आणखी एक सापळा. चूक कळल्यावर मी कॉम्प्युटरवर सरळ ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. पण पाण्यात किती रंग उरला हे आपण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतो आणि तिथे रंगाचे रेणू प्रकाश शोषतात, म्हणजे ते अ‍ॅब्सॉर्प्शनच! माझ्या सिनॉप्सिसमध्ये प्रकाशसुद्धा पृष्ठभागावर चिकटला. सिनॉप्सिस पुन्हा परत.

दोन्ही क्रिया एकत्र घडत असतील, किंवा नक्की कोणती घडतेय हे तुम्ही अजून दाखवलेलं नसेल, तर ‘सॉर्प्शन’ हा शब्द वापरा. त्यात कमीपणा नाही.

थोडक्यात, लिहिण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. आत की पृष्ठभागावर? आणि हे मी कशावरून म्हणतोय? दुसऱ्याचं उत्तर तयार असेल, तर कोणत्याही परीक्षकासमोर बिनधास्त उभे राहा.