गुण्या, पट्टी आणि पाणसळ : सुतारकामातील मापनसाधनांची परीक्षा

दोन मीटर उंचीच्या दाराची चौकट करावयाची आहे आणि तिचे कोन ज्या गुण्याने आखावयाचे, त्या गुण्याची पाती २०० मिलिमीटर लांबीत ०.२ मिलिमीटरने कललेली आहे, अशी कल्पना करावी. हा दोष नुसत्या डोळ्याला दिसत नाही, हातालाही जाणवत नाही. परंतु तोच कोन चौकटीच्या उंचीपर्यंत नेला म्हणजे वरच्या टोकाशी चूक २ मिलिमीटरची होते आणि फळी एका बाजूला घासू लागते. मग दोष लाकडाला, बिजागरीला किंवा पावसाळ्याला दिला जातो. गुण्याकडे सहसा कोणी पाहत नाही. साधन नवे आहे, चांगल्या दुकानातून आणलेले आहे, एवढेच त्याच्या अचूकपणाचे प्रमाण मानले जाते. वस्तुतः ते प्रमाण नव्हे.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. एखादे साधन तपासावयाचे तर त्याहून अधिक अचूक साधन हाती हवे, आणि ते अचूक आहे हे ठरविण्यास आणखी अचूक असे तिसरे साधन हवे. ही परंपरा कोठे थांबावयाची? मापनशास्त्राचा प्रारंभिक अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास ही मालिका अटळ वाटते. परंतु ती सर्व साधनांना सारखीच लागू पडत नाही. सरळपणा, काटकोन आणि क्षितिजसमांतरता हे गुण केवळ भूमितीने ठरतात. त्यांची परीक्षा साधन स्वतःच देऊ शकते. लांबी मात्र संकेताने ठरते आणि म्हणून तिला बाहेरचा साक्षीदार लागतो. सुताराच्या पेटीतील साधनांची ही दोन कुळे एकदा वेगळी ओळखली, की तपासणीच्या बहुतेक रीती आपोआप उलगडतात.

प्रथम गुण्या घ्यावा. एका फळीची कड रंध्याने सरळ करून त्या कडेला गुण्याचा दांडा घट्ट टेकवावा आणि पातीच्या बाहेरील कडेने धारदार सुरीच्या टोकाने एक बारीक रेघ ओढावी. नंतर गुण्या पालथा करून, म्हणजे दांडा उजवीकडचा डावीकडे नेऊन, त्याच कडेवर रेघेच्या पायथ्याशी पुन्हा टेकवावा व दुसरी रेघ ओढावी. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकच होतील. तो खोटा असेल तर त्या वरच्या टोकाशी फाकतील, आणि फाकलेले अंतर हे प्रत्यक्ष चुकीच्या बरोबर दुप्पट असेल. कारण एकदा चूक एका बाजूला पडते आणि दुसऱ्यांदा तेवढीच विरुद्ध बाजूला. या रीतीचे सारे सामर्थ्य या दुपटीत आहे. साधनाचा दोष लपत तर नाहीच, उलट तो मोठा होऊन समोर येतो. २०० मिलिमीटर पातीच्या टोकाशी ०.१ मिलिमीटरची फट, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, ओळखता आली तर खरी चूक ०.०५ मिलिमीटर, आणि कोनात ती एका मिनिटाहूनही कमी भरते. अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान असा हा कोन एक फळी आणि एक सुरी एवढ्यावर मोजला जातो, ही गोष्ट प्रयोगशाळेतील उपकरणांना सरावलेल्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. पेन्सिलीने मात्र हे साधत नाही. तिची रेघच या अंतराहून जाड असते.

परीक्षा खरी ठरण्यास फळीची कड सरळ असणे आवश्यक आहे. कड मधोमध फुगलेली असेल तर दांडा दोन वेळा दोन निरनिराळ्या दिशांना टेकतो आणि निर्दोष गुण्यावरही दोषाचा आळ येतो. म्हणून काटकोनाच्या आधी सरळपणाची परीक्षा व्हावयास हवी. हा क्रम उलटला तर पुढील सर्व श्रम वाया जातात.

सरळ पट्टीची परीक्षाही उलटवूनच होते. पण कोणत्या रीतीने उलटवावयाचे याविषयी पुष्कळदा घोटाळा होतो. पट्टीच्या कडेने फळीवर रेघ ओढावी व पट्टी पालथी करून तीच कड, तीच टोके त्याच जागी ठेवून, रेघेच्या दुसऱ्या बाजूने लावावी. कडेवरील प्रत्येक फुगवटा वा खोलगटपणा आता रेघेच्या विरुद्ध अंगास जातो आणि फट दुप्पट दिसते. पट्टी पालथी न करता ती केवळ अर्धा फेरा फिरवून लावली, म्हणजे डावे टोक उजवीकडे नेले, तर साधा कमानीसारखा बाक पकडला जातो. परंतु इंग्रजी एस् अक्षरासारखा दुहेरी बाक निसटून जातो. कारण अशी वक्ररेषा मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरविली असता स्वतःवरच तंतोतंत बसते. रीत एकच वाटली तरी एकीत परावर्तन आहे व दुसरीत परिभ्रमण, आणि दोषाच्या सममितीचे स्वरूप ओळखल्यावाचून परीक्षेची निवड करता येत नाही.

नवी सरळ पट्टी तयार करावयाची असता दोन पट्ट्या एकमेकींवर घासून जुळविल्या तर काय होईल? दोन्ही जुळतील, पण एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असूनही त्या जुळू शकतात. जुळणे म्हणजे सरळ असणे नव्हे. तिसरी पट्टी घेतली की हा मार्ग बंद होतो. तिन्हींचे फुगवटे अ, ब, क मानले आणि कोणत्याही दोन पट्ट्या फट न राहता जुळल्या, तर अ+ब, ब+क आणि क+अ या तिन्ही बेरजा शून्य होतात. आणि तसे होण्यास अ, ब, क तिन्ही शून्यच असावे लागतात. अर्थात वर सांगितलेला दुहेरी बाक टाळण्यासाठी जोडीतील एक पट्टी पालथी करूनही जुळणी पाहावी लागते. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट पृष्ठे तयार करण्याची जी पद्धत मांडली, ती तीन धातुपृष्ठांवर आधारलेली याच तर्काची होती. यंत्रयुगातील अचूकपणाचा हा पाया सुताराच्या तीन फळ्यांतही तसाच दिसतो.

पाणसळीविषयी फार सांगावयास नको. ती एका जागी ठेवून बुडबुड्याची जागा पाहावी, नंतर टोकांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवावी. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूस, उदाहरणार्थ खिडकीकडे, सरकला तर पृष्ठ कललेले आहे. तो पाणसळीच्याच एका ठराविक टोकाकडे सरकला तर दोष नळीच्या बसवणुकीत आहे. ही युक्ती काचेच्या नळीपेक्षा फार जुन्या साधनालाही लागू पडते. इजिप्तमध्ये देर एल्-मेदिना येथे १८८६ मध्ये उघडलेल्या सेन्नेजेमच्या थडग्यात, जे इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातील आहे, दोन तिरके पाय, मध्ये आडवी पट्टी आणि शिरापासून सोडलेला ओळंबा असे साधन मिळाले. अशा साधनाचे पाय थोडे लहानमोठे असले तरी बिघडत नाही. ते एकदा सुलट व एकदा उलट ठेवून आडव्या पट्टीवर दोरी जेथे जेथे पडते तेथे खुणा केल्या, की त्यांच्या मध्यावरील खूण ही खरी खूण असते. जमीनही समतल असण्याची गरज नाही.

मोठ्या चौकटीचा काटकोन गुण्याने न पाहता कर्णांनी पाहण्याची चाल आहे. दोन्ही कर्ण समान असले म्हणजे चौकट काटकोनी, असे म्हटले जाते. पण त्यास समोरासमोरच्या बाजू समान असण्याची अट आहे. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा आखूड असलेल्या समद्विभुज समलंबाचेही कर्ण समानच असतात. तीन, चार, पाच या प्रमाणाची रीतही सर्वपरिचित आहे. ९००, १२०० व १५०० मिलिमीटर घेऊन ती वापरली आणि कर्णाच्या मापात १ मिलिमीटरची चूक झाली, तर कोन सुमारे ५ मिनिटांनी चुकतो; म्हणजे पालथ्या गुण्याच्या परीक्षेहून ही रीत बरीच स्थूल आहे. तिचा उपयोग मोठ्या आकारात. या दोन्ही रीतींत टेपचा मीटर खरा असण्याचे कारण नाही, कारण येथे केवळ गुणोत्तर पाहिले जाते. टेपवरील भाग एकमेकांशी समान असले म्हणजे पुरते.

लांबीच्या साधनात दोन दोष संभवतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. भाग विषम असणे हा पहिला दोष. तो परकार एका अंतरावर पक्का करून पट्टीभर टप्पे घेतले की उघड होतो. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या शंखाच्या पट्टीच्या तुकड्यावरील रेघा सुमारे ६.७ मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्यांतील सरासरी चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे, असे मोजणीत आढळले. समान भाग पाडण्याची कला अशी पुरातन आहे. परंतु एककच खोटे असणे हा दुसरा दोष पट्टीकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. इंग्रजी अमदानीत गज मुंबईत २७ इंचांचा, मद्रासेत ३३ इंचांचा व बंगालमध्ये ३६ इंचांचा धरला जात असे. यांतील कोणताही गज आपापल्या जागी खोटा नव्हता. त्यांना एकत्र बांधणारा संकेत नव्हता. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली. आज हे क्षेत्र २००९ च्या वैधमापन कायद्याखाली येते आणि राष्ट्रीय मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखले जाते. सुतार मात्र अद्याप इंच आणि सूत यांतच बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर.

बाजारातील पोलादी टेप आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार दुसऱ्या वर्गाचा असल्यास ५ मीटर लांबीत १.३ मिलिमीटरपर्यंत चुकण्याची त्यास मुभा असते. पहिल्या वर्गात हीच मर्यादा ०.६ मिलिमीटर आहे. तेव्हा दोन निर्दोष टेपसुद्धा परस्परांशी जुळतीलच असे नाही. यावर व्यवहारातील उपाय सोपा आहे : एका कामात आरंभापासून शेवटपर्यंत एकच टेप वापरावा. सर्व भाग सारख्याच प्रमाणात चुकले तर कपाट एका मिलिमीटरने मोठे होईल, पण ते जुळेल. टोकाचा आकडा सैल असतो तो मात्र दोष समजू नये. बाहेरून ओढून वा आत टेकवून माप घेताना आकड्याच्या जाडीची भरपाई व्हावी म्हणून तो मुद्दाम आपल्या जाडीइतका सरकता ठेवलेला असतो. अनेक शिकाऊ मुले तो ठोकून घट्ट करतात आणि चांगले साधन बिघडवितात.

दोष आढळल्यावर पाती कानशीने घासून सुधारता येते. पोलादाच्या सलग मोठ्या गुण्यात आतील कोपऱ्याजवळ पंचाने ठोका दिल्यास धातू पसरून कोन उघडतो, बाहेरील कोपऱ्याजवळ दिल्यास मिटतो. प्रत्येक ठोक्यानंतर पालथे करून पाहणे आलेच.

ही तपासणी किती बारीक असावी, हे अखेर लाकूड ठरविते. सागवान ओले असताना आणि पूर्ण वाळल्यावर यांत वाढकड्यांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. म्हणजे आर्द्रतेच्या दर टक्क्यामागे साधारण ०.२ टक्के. कोरड्या आणि पावसाळी दिवसांत लाकडातील आर्द्रता ४ टक्क्यांनी बदलली, तर ३०० मिलिमीटर रुंदीची फळी २ मिलिमीटरहून अधिक हलते. लांबीच्या दिशेने ती जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे तंतूंशी काटकोनात कापलेले टोक काटकोनातच राहते. ४५ अंशांचा तिरका जोड मात्र तेवढ्याच आकसण्याने सुमारे १३ मिनिटांनी बदलतो आणि आतल्या कोपऱ्याशी उघडतो. चित्राच्या चौकटीतील आठ तिरके काप प्रत्येकी ०.१ अंशाने एकाच बाजूस चुकले तर शेवटच्या जोडात ०.८ अंशाची फट राहते. ती साधनाची फट. पावसाळ्यात जोडलेल्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांत उन्हाळ्यामध्ये सारखीच दिसणारी फट ही लाकडाची.