डावणी, दावणी आणि एक लाल पेन

पिंपळगाव बसवंतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. शिक्षण बी.कॉम. कोडिंगशी संबंध एवढाच, की भाचा पुण्यात ते काम करतो. तरी 2023 च्या मे महिन्यात माझ्या डोक्यात आलं, की द्राक्षवाल्यांसाठी एआय काढायचं. शेतकऱ्यानं बागेतूनच व्हॉट्सॲपवर बोलावं आणि फवारणीचं उत्तर मिळवावं. चॅटजीपीटी येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. जो तो कंपनी काढायच्या गोष्टी करत होता, त्यात मीही.

भाच्याला विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, "मामा, आधी तुम्हीच एआय व्हा."

मला चेष्टा वाटली. पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. यंत्र बनवण्याआधी त्याच्या जागी माणूस बसवायचा आणि लोक काय विचारतात ते बघायचं. 'विझार्ड ऑफ ऑझ' म्हणतात तिला. त्यात पडद्यामागचा माणूस लपून असतो; मी मात्र आधीच सांगून टाकलं. गावात लपणार किती दिवस?

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकल्यावर तीस बागायतदारांना नंबर दिला आणि रात्री जेवणानंतर उत्तरं टाइप करत बसलो. दुकानात माणूस विचारतो, "भुरीला काय मारू?" फोनवर तोच बोलतो, "काल संध्याकाळी मारलं, रात्री पाऊस झाला, परत मारू का? उधारी आधीच झालीय." असं कुठल्या माहितीपत्रकात सापडायचं! वीस वर्षं गल्ल्यावर बसूनही हे प्रश्न मी नीट ऐकले नव्हते. सगळे वहीत उतरवले. डावीकडे प्रश्न, उजवीकडे माझं उत्तर. दोनशेच्या वर गेले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाच्यानं खरं यंत्र जोडलं. पहिल्याच संध्याकाळी एकानं सांगितलं, "बागेत डावणी आलीय." पानांखाली पांढरी बुरशी धरणारा हा रोग; पुस्तकात त्याला केवडा म्हणतात. यंत्रानं ऐकलं 'दावणी' आणि जनावरं बांधायची जागा कोरडी ठेवा असा सल्ला दिला. आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या चुकीला हसू आलं नाही. एका औषधानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, तो आकडा यंत्रानं खऱ्यापेक्षा कमी सांगितला, तोही अगदी ठामपणे. या यंत्रामागचं मॉडेल अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतं. आकडा चुकला तरी त्याचा आवाज चाचरत नाही. तेवढे दिवस थांबलं नाही, तर औषधाचा अंश फळात राहतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली होती. आमच्या भागात ते वर्ष कुणी विसरलेलं नाही.

मग पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घ्यायचं ठरलं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी यंत्रापुढे ठेवली. उत्तर तिच्यातूनच शोधायचं. भाच्यानं काही बदललं की वहीतले सगळे प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं मी लाल पेनानं तपासायची. त्याच्या भाषेत हे 'इव्हॅल'. एक चूक दुरुस्त केली की तिसरीकडे दुसरी उगवायची, आणि ती पेन हातात असल्याशिवाय दिसायची नाही. कोड त्याला येत होता, पण कुठलं उत्तर शेतकऱ्याला बुडवेल हे त्याला कळणं शक्य नव्हतं.

दिवसांच्या आकड्यावरून आमचं वाजलंही. मी म्हटलं, तिथं यंत्रानं तोंड उघडायचं नाही, यादीतली ओळ जशीच्या तशी दाखवायची. "मग एआय कशाला, मामा?" मी बधलो नाही.

26 नोव्हेंबरला निफाड तालुक्यात गारा पडल्या. त्या रात्री फोन थांबेना. औषधाचं कुणी विचारत नव्हतं. पंचनामा कधी, विम्याचं काय, हेच. एका निरोपात तर शब्दच नव्हता, नुसता पत्र्यावर गारांचा आवाज. यंत्रानं उत्तर दिलं होतं, "आपला प्रश्न समजला नाही, कृपया पुन्हा विचारा."

मी ते बंद केलं आणि त्या माणसाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी वहीत डावीकडे लिहिलं, 'गारांचा आवाज'. उजवीकडे, 'मामांना उठवा'. भाचा विचारत होता, हे कोडमध्ये कसं लिहू.